थांबवलं कुणी, सोडायचं कुणी

घटना उत्तर व्हर्जिनियातली आहे, घड्याळ मात्र सिएटलचं. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने २९ एप्रिल २०११ रोजी या प्रसंगाचा सविस्तर अहवाल जाहीर केला. त्यातल्या सगळ्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या आहेत आणि इथेही त्याच ठेवल्या आहेत. त्यात तीन तास मिळवले की व्हर्जिनियाची वेळ येते, साडेबारा तास मिळवले की आपली.

तारीख २१ एप्रिल २०११, वार गुरुवार. ‘टर्मिनेटर’ चित्रपटांवरून निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत यंत्रं माणसांवर उलटतात तो दिवसही नेमका हाच होता. त्यावरून पुढे बरेच विनोद झाले. प्रत्यक्षात यंत्रांनी त्या दिवशी नेमून दिलेलं काम अक्षरशः केलं, इतकंच.

१२:४७ च्या आधी

ईबीएस, म्हणजे इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर, ही भाड्याची डिस्क. अ‍ॅमेझॉनने ती २००८ साली बाजारात आणली. भाड्याचा संगणक एका कपाटात, त्याची डिस्क दुसऱ्याच कुठल्या कपाटात, आणि मध्ये नेटवर्क. संगणकावरच्या लिनक्सला यातलं काही ठाऊक नसतं. त्याच्या लेखी ती एक साधी डिस्क. वाचायच्या आणि लिहायच्या विनंत्या रांगेत लागतात, ड्रायव्हर त्या पुढे पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. पलीकडे जागा उरली नाही की तो रांग थांबवतो, उत्तरं येऊ लागली की सोडतो. सेकंदाला शेकडो वेळा हे चालतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पलीकडे, ज्या सर्व्हरांवर डेटा असतो त्यांना नोड म्हणतात. प्रत्येक व्हॉल्यूमच्या, म्हणजे ग्राहकाच्या डिस्कच्या, एकाहून अधिक प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवलेल्या असतात. त्यांतली एकच मुख्य. लिहायचं ते तिच्यावर. नोडांना जोडणारी नेटवर्क दोन. मुख्य नेटवर्क मोठ्या क्षमतेचं, रोजची वाहतूक त्यावरून. दुय्यम नेटवर्क लहान, प्रती पाठवायला आणि अडीअडचणीला.

आता तेव्हाचा नियम. आपल्या जोडीच्या प्रतीशी संपर्क तुटला, की नोडने ती प्रत गेली असं धरायचं. मग नोडांच्या समूहात मोकळी जागा असलेला दुसरा नोड शोधायचा आणि डेटाची नवी प्रत तिथे उभी करायची. याला री-मिररिंग म्हणतात. समूह धड असेल तर नवा जोडीदार काही मिलिसेकंदांत सापडतो. तो सापडून, आता मुख्य प्रत कोणती याचा निवाडा होईपर्यंत त्या व्हॉल्यूमवरचं वाचन-लेखन पूर्ण बंद. ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर डिस्क अडकलेली दिसते.

हे थांबवणं योग्यच आहे, हे आधी मान्य करायला हवं. न थांबवता लिहू दिलं तर दोन नोड एकाच व्हॉल्यूमच्या आपापल्या प्रतीला मुख्य समजून दोन वेगळ्या गोष्टी लिहून बसतील, आणि मग खरी कोणती हे कधीच ठरवता येणार नाही. बंद पडलेली डिस्क परवडते. दोन तोंडांनी बोलणारी डिस्क कुणालाच परवडत नाही.

निवाडा करी ती कंट्रोल प्लेन नावाची मध्यवर्ती यंत्रणा. ग्राहकाचा संगणक, प्रती सांभाळणारे नोड आणि ही यंत्रणा, अशा तिघांच्या बोलण्यातून मुख्य प्रत ठरत असे, आणि शेवटचा शब्द कंट्रोल प्लेनचा. अ‍ॅमेझॉनच्या एका प्रदेशात अनेक ‘अव्हेलेबिलिटी झोन’ असतात. एक बुडाला तरी बाकीचे तरावेत म्हणून ते एकमेकांपासून अलग ठेवलेले. नोडांचे समूह झोनच्या आत असतात. निवाडा देणारी यंत्रणा मात्र तेव्हा सगळ्या प्रदेशाला मिळून एक होती.

रात्री १२:४७

काम नेहमीचं होतं. एका झोनमधल्या मुख्य नेटवर्कची क्षमता वाढवायची होती. त्यासाठी एका राउटरवरची वाहतूक त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या राउटरवर वळवायची आणि मोकळ्या झालेल्या राउटरवर काम करायचं. वाहतूक वळवली गेली, पण दुसऱ्या राउटरवर न जाता ती दुय्यम नेटवर्कवर जाऊन पडली. तेवढा भार पेलायला ते बांधलेलंच नव्हतं.

नेहमीच्या बिघाडात एक नेटवर्क जातं आणि दुसरं उरतं. सगळी आखणी त्याच गृहीतावर केलेली असते. इथे मुख्य नेटवर्कवरून वाहतूक माणसांनीच काढून घेतली होती आणि दुय्यम नेटवर्क गुदमरलं होतं. समूहातल्या बऱ्याच नोडांसाठी दोन्ही वाटा एकाच क्षणी बंद झाल्या. नोड जिवंत, डेटा शाबूत, फक्त शेजाऱ्यांशी बोलणं तुटलेलं. आत बसलेल्या नोडला हा फरक कळण्याची सोय नव्हती. त्याच्यापुरती जोडीची प्रत गेली होती. त्याने व्हॉल्यूम थांबवला.

व्हर्जिनियात पहाटेचे पावणेचार वाजून गेले होते. भारतात जेवणाची सुट्टी चालू होती.

बदल मागे घेतल्यावर

चूक सापडली, वाहतूक पूर्ववत केली गेली, नोड पुन्हा एकमेकांना दिसू लागले.

संकटाची वेळ म्हणून १२:४७ लिहावी की ही, असा प्रश्न मला हा अहवाल वाचताना पडतो. माझं मत या दुसऱ्या क्षणाच्या बाजूने आहे. नेटवर्क तुटलेलं असेपर्यंत सगळे नोड फक्त थांबलेले होते. ते जुळलं आणि सगळे एकदम निघाले. प्रत्येकाला नवा जोडीदार हवा होता, मोकळी जागा हवी होती, आणि आत्ता हवी होती. एखादा नोड गेला तर त्याच्या प्रतींना पुरेल एवढी जागा समूहात राखून ठेवलेली असते. समूहाचा मोठा भागच एका वेळी जागा मागायला उठेल, हे कुणी धरलं नव्हतं. शिल्लक जागा बघता बघता संपली. ज्यांना मिळाली नाही ते शोधत राहिले.

शोधत राहिले हे शब्दशः घ्यायचं. उत्तर ‘जागा नाही’ असं आलं तर थोडं थांबून पुन्हा विचारावं, पुन्हा नकार आला तर आणखी जास्त थांबावं, आणि प्रत्येकाचं थांबणं थोडं वेगवेगळं असावं, ही वितरित प्रणालींमधली जुनी रीत आहे. ईबीएसच्या नोडांमध्ये हे मागे सरणं पुरेसं जोरकस नव्हतं. ते विचारतच राहिले. अ‍ॅमेझॉनने या प्रकाराला री-मिररिंगचं वादळ म्हटलं.

इथे एकेका नोडचा दोष काढता येत नाही. प्रत्येकाने स्वतःपुरता बरोबर निर्णय घेतला होता. थांबायला कुणाला विचारावं लागलं नाही. सुटायला मात्र जागा लागत होती, जोडीदार लागत होता, निवाडा लागत होता, आणि कोणी आधी सुटायचं हे सांगणारं त्या समूहात कुणीच नव्हतं.

रात्री १:४१

अ‍ॅमेझॉनच्या स्थितिफलकावर पहिली जाहीर नोंद आली: ईबीएस व्हॉल्यूमचा विलंब आणि त्रुटी यांचा तपास चालू आहे.

ग्राहकांच्या संगणकांवर तोवर एक चमत्कारिक दृश्य उभं राहिलं होतं, आणि ज्याने असा सर्व्हर सांभाळला आहे त्याला ते लगेच ओळखू येईल. यंत्र चालू आहे. प्रोसेसर जवळजवळ रिकामा आहे. तरीही लोड अ‍ॅव्हरेजचा आकडा चढत चालला आहे, कारण लिनक्स त्या आकड्यात डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळणाऱ्या प्रोसेसही मोजतो. त्या सगळ्यांच्या नावापुढे ‘डी’ हे अक्षर: झोपलेली, पण उठवता न येणारी. एरवी ‘किल उणे नऊ’ने कुठलीही प्रोसेस मारता येते, हिला तोही हुकूम पोचत नाही, कारण तिचा जीव रांगेत अडकलेला. दोन मिनिटं उलटली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आपल्या नोंदवहीत लिहितो, ही प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ अडकली आहे. लिहितो आणि गप्प बसतो.

डिस्क मेली असती तर बरं झालं असतं, असं म्हणायची वेळ इथे येते. मेलेली डिस्क त्रुटी कळवते. त्रुटी आली की डेटाबेस बंद होतो, दुसरीकडचा जोडीदार कारभार हाती घेतो, माणसाला फोन जातो. थांबवलेली रांग त्रुटी देत नाही, उत्तरही देत नाही. ती ‘थोडं थांबा’ म्हणते. ड्रायव्हर, फाइल सिस्टिम आणि डेटाबेस तिघेही विश्वास ठेवून थांबतात.

पहाटे २:४०

नवा व्हॉल्यूम तयार करा, अशा ग्राहकांच्या विनंत्या येतच होत्या. डिस्क अडकलेला माणूस आधी दुसरी मागवतो. या विनंत्या कंट्रोल प्लेनकडे येत आणि ती त्या आजारी समूहाकडे पाठवी. समूहात जागा नव्हती. उत्तर न आल्यास किती वेळाने नाद सोडायचा याची मुदत, म्हणजे टाइमआउट, लांबलचक ठेवलेली होती. तोवर कंट्रोल प्लेनमधला एकेक थ्रेड, म्हणजे काम करणारा एकेक हात, त्या एकेका विनंतीपाशी अडकून राही.

हे थ्रेड साऱ्या प्रदेशाच्या सामायिक साठ्यातले. आजारी झोनच्या विनंत्यांनी ते एकेक करून अडवले, आणि धडधाकट झोनमधल्या ग्राहकांच्या विनंत्यांनाही हात उरेना. अलग ठेवलेल्या खोल्यांना एकच दार होतं, हे त्या रात्री दिसलं.

२:४० ला अभियंत्यांनी आजारी झोनमध्ये नवे व्हॉल्यूम बनवणं पूर्ण बंद केलं. २:५० पर्यंत बाकीच्या विनंत्या पुन्हा सुरळीत झाल्या. दहा मिनिटांत गुण आला. विचारपूर्वक केलेलं हे पहिलं थांबवणं होतं.

पहाटे ५:३०

तीन तासही शांतता टिकली नाही.

नोडांच्या प्रोग्रामात एक जुना दोष दडलेला होता. प्रती उभ्या करण्यासाठीच्या खूप विनंत्या एकाच वेळी बंद करायची वेळ आली, तर फार क्वचित नोड स्वतःच कोसळत असे. दोन कामं एकमेकांच्या वाटेत येतात, कोण आधी पोचतं यावर निकाल ठरतो, आणि एखाद्या वेळी तो निकाल घातक निघतो. अभियंते याला रेस कंडिशन म्हणतात. एरवी या दोषाने महिनोन्‌महिने कुणाचं काही बिघडलं नसतं. वादळात जोडण्या उघडण्याचं आणि मिटण्याचं प्रमाण इतकं वाढलं की क्वचितचं नेहमीचं झालं.

नोड कोसळू लागले. कोसळलेल्या प्रत्येक नोडवरचे व्हॉल्यूम जोडीदाराविना उरले. त्यांना जागा हवी झाली. त्यांनी शोधायला सुरुवात केली. शोध वाढला तसे आणखी नोड कोसळले. आणि हरेक कोसळण्याबरोबर मुख्य प्रतीचा नवा निवाडा मागायला सगळे पुन्हा कंट्रोल प्लेनच्या दारात. ५:३० पर्यंत साऱ्या प्रदेशात त्रुटी आणि विलंब पुन्हा चढले होते.

सकाळी ८:२०

अभियंत्यांनी आजारी समूहाचे नोड आणि कंट्रोल प्लेन यांच्यातलं बोलणंच तोडायला घेतलं. बाकीचा प्रदेश वाचवायचा तर दुसरा उपाय नव्हता, आणि तो लागू पडला. या थांबवण्यात मात्र एक गोष्ट गहाण पडली. अडकलेला व्हॉल्यूम सुटायला निवाडा लागतो, आणि निवाडा देणाऱ्याशी बोलणं आता बंद. एकाच रांगेला दोन थांबे लागले: एक नोडने लावलेला, एक माणसांनी.

लिनक्सच्या पोटात हाच पेच लहान आकारात अनेक वर्षं होता. डिस्कची विनंतीरांग तात्पुरती शांत करायचं फंक्शन तिथे आहे. ते नव्या विनंत्या ड्रायव्हरकडे पाठवणं थांबवतं आणि पाठवण्याच्या मध्यावर असलेलं काम उरकेपर्यंत वाट पाहतं. अशी शांतता अनेकांना लागते. एनव्हीएमई डिस्क प्रतिसाद देईनाशी झाली की ड्रायव्हरला ती रीसेट करण्यासाठी लागते. त्याच सुमाराला कुणी रांगेची लांबी बदलली, किंवा विनंत्यांचा क्रम लावणारा शेड्युलर बदलला, तर ब्लॉक लेयरलाही, म्हणजे कर्नलच्या या रांगा सांभाळणाऱ्या भागालाही, लागते. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. आणि रांग थांबली आहे की नाही, याची नोंद होती एकच: हो किंवा नाही.

रेल्वे फाटकाचं उदाहरण घ्या. दोन रूळ, दोन्हीकडून गाड्या यायच्या आहेत. अलीकडची गाडी गेली म्हणून कुणी फाटक उघडलं, आणि पलीकडची अजून यायचीच असली, तर? ‘हो-नाही’च्या नोंदीत नेमकं हेच होई. शेड्युलर बदलणाऱ्याने स्वतःचं काम संपवून रांग सोडली, की रीसेटच्या मध्यावर असलेल्या ड्रायव्हरच्या अंगावर विनंत्या येऊन आदळत.

२०२१ साली त्या जागी मोजणी आली. थांबवणारा प्रत्येक जण आकडा एकने वाढवतो, सोडणारा एकने कमी करतो, आणि शून्यावर आल्याखेरीज रांग वाहत नाही. ऐकायला अगदी साधं. पण मग ड्रायव्हरांची झडती घ्यावी लागली, कारण जुन्या पद्धतीत दोनदा थांबवून एकदा सोडलं तरी चालून जात होतं. नव्या मोजणीत एक सोडणं विसरलं, तर रांग कायमची बंद. एनव्हीएमई आणि स्कझी, या दोन्ही प्रकारच्या डिस्कच्या ड्रायव्हरांमध्ये प्रत्येक थांबवण्याला बरोबर एक सोडणं जुळवून द्यावं लागलं. एका यंत्रात, एकाच कर्नलमध्ये, सगळा प्रोग्राम डोळ्यांसमोर असताना एवढं जुळवायला इतकी वर्षं लागली.

व्हर्जिनियातल्या त्या समूहात असा मोजणारा आकडा कुठेच नव्हता. कोणता व्हॉल्यूम कुणाकुणामुळे थांबला आहे हे नोडांना, कंट्रोल प्लेनला आणि माणसांना तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं.

८:५४ ला स्थितिफलकावर नेमकं कारण सांगणारी नोंद आली: पहाटेच्या नेटवर्कमधल्या घटनेमुळे मोठ्या प्रमाणावर री-मिररिंग सुरू झालं आहे. तोवर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर कामाचा दिवस उजाडून तीन तास होत आले होते. क्वोरा बंद होतं, फोरस्क्वेअर आणि हूटसूट लंगडत होते, रेडिट फक्त वाचता येत होतं. ग्राहकांना आपसांत ताडून पाहणंही कठीण होतं, कारण झोनची नावं प्रत्येक खात्याला वेगवेगळी वाटलेली असत. माझा ‘ए’ आणि तुमचा ‘ए’ एकच असेल असं नव्हे. नेटफ्लिक्स मात्र चालू राहिलं. मुख्य डेटा ईबीएसवर न ठेवण्याचं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

सकाळी ११:३०

ज्यांच्याकडे जागा नाही त्यांना पुन्हा पुन्हा विचारणं थांबवायचं, पण बाकीचं आवश्यक बोलणं चालू ठेवायचं, असा मार्ग अभियंत्यांनी अखेर तयार केला. तो लागू झाल्यावर समूहाची घसरण थांबली. दरम्यान नोड कोसळल्यामुळे झोनमधले आणखी ५ टक्के व्हॉल्यूम अडकले होते, तर काही हळूहळू सुटतही होते. गोळाबेरीज अशी की, या घडीला झोनमधले १३ टक्के व्हॉल्यूम अडकलेले होते.

त्या व्हॉल्यूमांवर बसलेल्या डेटाबेसचं प्रमाण याहून वाईट. अ‍ॅमेझॉनची डेटाबेस सेवा एका डेटाबेससाठी अनेक व्हॉल्यूम वापरत असे. त्यांतला एक अडकला तरी सगळा डेटाबेस अडके. त्यामुळे एकाच झोनमध्ये ठेवलेल्या तिथल्या डेटाबेसांपैकी, कळसाच्या वेळी, ४५ टक्के ठप्प होते. जास्त पैसे भरून दोन झोनमध्ये डेटाबेस ठेवणाऱ्यांची बहुतेक यंत्रणा आपोआप दुसऱ्या झोनवर गेली, पण २.५ टक्के जागच्या जागी राहिले. आधी दोन प्रतींमधलं नेटवर्क तुटलं, लगोलग मुख्य प्रतीची डिस्क अडकली. या क्रमाने, इतक्या पाठोपाठ दोन गोष्टी घडलेल्या त्या प्रोग्रामाने कधी पाहिल्या नव्हत्या, आणि तिथे एक नवा दोष उघडा पडला.

दुपारी १२:०४ ला बिघाड एका झोनपुरता आवरला गेला. नवं नुकसान थांबलं होतं. सुटलं मात्र फार थोडं होतं.

रात्र, आणि शुक्रवारी पहाटे २:००

सोडायचं तर जागा हवी. कोसळलेल्या नोडवरची जागा पुसून वापरता आली असती. पण त्याच्यावरच्या प्रत्येक व्हॉल्यूमची दुसरीकडे पक्की प्रत झाल्याखेरीज तो नोड पुन्हा वापरायचा नाही, हा ईबीएसचा नियम, आणि तो मोडायला अभियंते तयार नव्हते. माझ्या मते अख्ख्या चार दिवसांतला हा सर्वांत शहाणा निर्णय. घाईत जागा मोकळी केली असती तर कित्येकांची उरलेली एकमेव प्रत पुसली गेली असती.

मग खरेखुरे सर्व्हर प्रदेशातल्या दुसऱ्या ठिकाणांहून उचलून आणायचे. ते आणले, जोडले, आणि मग सकाळी ११:३० चा उपाय आडवा आला. नोडांना नवी जागा शोधायला बंदी होती. नवी जागा आली हे त्यांना सापडणार कसं? बंदी उठवावी तर ते जुन्या, भरलेल्या नोडांवरही पुन्हा तुटून पडणार. नव्यांना विचारू द्यायचं पण जुन्यांना नाही, असं बारकाईने सैल करत जावं लागलं. अहवालात सरळ कबुली आहे की या कामाला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला.

शुक्रवारी पहाटे २ वाजता नवी जागा मोठ्या प्रमाणात समूहात यायला लागली. बिघाड सुरू होऊन चोवीस तास होऊन गेले होते.

शुक्रवार, दुपारी १२:३०

झोनमधले २.२ टक्के वगळता सगळे व्हॉल्यूम परत उभे राहिले. प्रती पूर्ण, डेटा शाबूत. तरीही त्यांतल्या काहींच्या मालकांच्या संगणकांवर त्याच प्रोसेस त्याच ‘डी’ अक्षरासह पडून होत्या, कारण मुख्य प्रत ठरवून द्यायला कंट्रोल प्लेन हवी, आणि तिच्याशी बोलणं गुरुवारी सकाळी ८:२० पासून तोडलेलं.

आता ते बोलणं जोडायचं. एवढ्या वेळात नोडांकडे आणि कंट्रोल प्लेनकडे एकमेकांना सांगायच्या बदलांचा मोठा ढीग साचला होता. तो एकदम सोडला तर गुरुवारची पहाट पुन्हा. म्हणून वेगमर्यादा घालायचं ठरलं. घाईने बनवलेली पहिली मर्यादा फार ढोबळ निघाली. जे जायला हवं तेच तिच्यात अडकू लागलं. शुक्रवारची सगळी संध्याकाळ आणि रात्र जास्त बारीक मर्यादा बनवण्यात गेली. जोडीला त्या एका झोनसाठी कंट्रोल प्लेनची वेगळी प्रत उभी केली, म्हणजे इथे काही बिघडलं तरी बाकीच्या झोनला झळ लागू नये. प्रदेशाला एकच दार असल्याची किंमत दोन दिवसांनी अशी चुकवली गेली.

त्या दिवशी गुड फ्रायडे होता.

शनिवार, सकाळी ११:३० ते संध्याकाळी ६:१५

साडेअकरानंतर ढीग सावकाश उपसायला सुरुवात झाली. दुपारी ३:३५ ला आजारी समूह आणि कंट्रोल प्लेन यांच्यातला मार्ग पूर्ण खुला झाला. तोडल्यापासून ५५ तास १५ मिनिटं. निवाड्याची वाट पाहणारे बहुतेक व्हॉल्यूम यानंतर सुटले. ६:१५ ला ग्राहकांसाठीही त्या झोनमधलं काम खुलं झालं.

रविवार

उरलेल्या २.२ टक्क्यांचं काम हातानेच करायचं होतं. बिघाडाच्या सुरुवातीलाच खबरदारी म्हणून यांतल्या ज्या व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या नकला, एस-थ्री या दुसऱ्या साठवणसेवेत घेऊन ठेवता आले, ते रात्रभर गटागटाने परत उभे केले. दुपारी १२:३० पर्यंत १.०४ टक्के उरले. ज्यांचे नोडच नादुरुस्त झाले होते आणि स्नॅपशॉटही घेता आला नव्हता, असे हे व्हॉल्यूम. त्यांची एकेक डिस्क काढून तपासावी लागली.

शेवटी ०.०७ टक्के व्हॉल्यूम सुसंगत अवस्थेत परत देता आले नाहीत. सुसंगत म्हणजे, डिस्कवर जे आहे ते कोणत्या तरी एका क्षणाचं पूर्ण चित्र आहे याची हमी. डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर ही हमी गेली तर खात्यात जमा दिसतं आणि नावे दिसत नाही, अशी गत होऊ शकते.

अहवालात अ‍ॅमेझॉनने पुढच्या दुरुस्त्या लिहिल्या: नकार मिळाल्यावर नोडांनी जास्त जोरकसपणे मागे सरायचं, समूहात जास्त जागा राखायची, रेस कंडिशन काढायची, टाइमआउट आखडायचे, राउटरवरची वाहतूक वळवण्याचं काम अधिकाधिक स्वयंचलित करायचं. त्या झोनमध्ये तेव्हा ज्यांचा व्हॉल्यूम जोडलेला होता किंवा डेटाबेस चालू होता, त्या सर्वांना दहा दिवसांच्या वापराइतकं क्रेडिट मिळालं. तुमची रांग थांबली होती की नव्हती, हे त्यासाठी विचारलं गेलं नाही.